सहा महिने टिकायचं

नोकरी सोडण्याची कारणं मी एका वहीत लिहून ठेवत असे. वहीवर मोठ्या अक्षरात 'बहाणे' असं लिहिलं होतं. आमच्या युवा केंद्रातून चाकणच्या कंपन्यांत लागलेली पोरं पंधरा-वीस दिवसांत परत यायची, माझ्या टेबलासमोर खाली मान घालून उभी राहायची आणि कारण सांगायची. ते मी त्यांच्यादेखत लिहायचे. 'कँटीनच्या डाळीला वास येतो.' 'सुपरवायझर अरे-तुरे करतो.' 'सेफ्टी शूज चावतात.' 'बसमध्ये उभं राहून जावं लागतं.' 'मन लागत नाही' हे इतक्या वेळा आलं की पुढे मी नुसतं 'वरीलप्रमाणे' लिहून मोकळी व्हायचे. कधी कंटाळा आला की ती वही काढून मी मोठ्यानं वाचायचे आणि सगळे पोट धरून हसायचे. ज्यांची कारणं असायची तेसुद्धा हसायचे. माझ्या तोंडाला हाड नाही हे केंद्रात सगळ्यांना माहीत होतं, आणि ते मला आवडायचं, हेही आता कबूल करते.

केंद्र म्हणजे काळेवाडीत पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्या. खाली गिरणी सुरू झाली की वर फरशी थरथरायची आणि कॉम्प्युटरवर रोज पिठाचा पातळ थर बसायचा. जागा आमच्या अध्यक्षांची. ते इथल्या जुन्या गावातले, ज्यांच्या शेतांवर आता इमारती आहेत. स्वतः फारसे शिकलेले नाहीत, पण गावातली आणि बाहेरून आलेली पोरं नुसती टपरीवर बसून वाया जाऊ नयेत एवढी एक तळमळ त्यांना होती. मी मूळची तळेगाव दाभाड्याची. लग्न होऊन काळेवाडीत आले, नवरा कंपनीत, मुलं मोठी झाली तशी दुपार खायला उठायची, म्हणून केंद्रात इंग्रजी शिकवायला गेले आणि तिथलीच होऊन बसले. सगळे मला ताई म्हणतात. वयानं आता आजी म्हणायला हरकत नाही, पण कुणाची टाप नाही.

एका खोलीत अभ्यासिका, दुसरीत कॉम्प्युटर आणि मुलाखतीची तयारी. मुलाखतीत नजर कुठे ठेवायची, खुर्चीत कसं बसायचं, 'स्वतःबद्दल सांगा' म्हटल्यावर गावाच्या जत्रेपासून सुरुवात का करायची नाही, हे सगळं मी शिकवायचे. मग ओळखीच्या कंपन्यांत पोरं लावायची. ती लागायचीही. फक्त टिकायची नाहीत.

एका सकाळी अध्यक्ष जिना चढून वर आले ते लालबुंद होऊनच. "ओ बाई," ते म्हणाले, "त्यो चाकणचा कंपनीवाला मला काय बोलला ठावं हाय का? म्हनं तुमची पोरं म्हंजी पाव्हणी. येत्यात, जेवत्यात अन् जात्यात. आता आमच्याकडं धाडू नका म्हनतोय. मला मान खाली घालाया लावली राव."

त्यांचं चूक नव्हतं. एक पोरगा महिन्याच्या आत सोडून आला की त्याच्यामागे रांगेत असलेल्या दहाजणांचा रस्ता बंद व्हायचा. मी चिडले आणि त्या चिडीत एक युक्ती काढली. भिंतीवर मोठा तक्ता लावला. नोकरी लागलेल्या प्रत्येकाचं नाव आणि नावापुढे सहा चौकोन. महिना भरला की गुरुवारी, म्हणजे आमच्याकडच्या कंपन्यांच्या सुट्टीच्या दिवशी, केंद्रात यायचं आणि आपला चौकोन स्केचपेननं आपणच रंगवायचा. शिवाय नोकरी लागल्याच्या दिवशी पेढे वाटताना सगळ्यांसमोर उभं राहून मोठ्यानं म्हणायचं, "सहा महिने सोडणार नाही." हे वाक्य माझं. आवाज बारीक आला तर मी पुन्हा म्हणायला लावायचे.

आणि ते चाललं हो. अगदी झकास चाललं. चौकोन रंगवायला पोरं घरच्यांना घेऊन यायला लागली. कुणाची आई, कुणाची नवी बायको, सगळे तक्त्यापुढे उभे राहून फोटो काढायचे. कंपन्यांचे फोन पुन्हा सुरू झाले. अध्यक्ष येईल त्याला तक्ता दाखवायचे. मी तर हवेतच होते.

ती पोरगी पहिल्यांदा केंद्रात आली तेव्हा तिची बारावी होऊन वर्ष झालं होतं. दारात चप्पल काढता काढताच तिनं विचारलं, "इथं पोलीस भरतीची पुस्तकं आहेत का?"

मी म्हटलं, "आहेत. पण पुस्तकं पळत नाहीत, पळावं तुलाच लागेल."

"मी पळतेच की," ती म्हणाली, आणि आत जाऊन बसली.

खरंच पळायची. उजाडायच्या आत पवनेच्या काठच्या रस्त्यावर पळून, घरी पाणी भरून, मग केंद्रात. आमच्याकडे भरतीची तयारी करणारी आठ-दहा मुलंमुली होती. त्यांच्यात ही सगळ्यांत बारीक आणि सगळ्यांत चिवट. केंद्राचा लोखंडी गोळा कापडी पिशवीत घालून मोकळ्या प्लॉटवर घेऊन जायची आणि फेकून फेकून खांदा दुखवून घ्यायची. उंची तिची बसायची, पण अगदी काठावर. भिंतीला लावून आम्ही मोजायचो तेव्हा ती स्वतःच म्हणायची, "ताई, केस दाबून मोजा. तिथं गेल्यावर कमी भरायला नको." मला वाटतं, तिचा सगळा स्वभाव त्या एका वाक्यात होता. फसवाफसवी तिला जमायची नाही, स्वतःच्या फायद्याचीसुद्धा.

मी तिला हवालदार म्हणायला लागले. मग सगळेच म्हणायला लागले. "फौजदार म्हणा की ताई," ती म्हणायची. मी म्हणायचे, "आधी आत तर घेऊ देत, मग बघू."

तिचे आईवडील परभणीकडून आलेले. वडील तळवड्याला सिक्युरिटीत, आई एका खानावळीत पोळ्या करायची. आई एकदा केंद्रात येऊन गेली. बराच वेळ दारातच उभी होती, मी ओढून आणून खुर्चीवर बसवली. "ताई," ती म्हणाली, "लेकरू कुनाचंच ऐकत नाही. बापाचं नाही, महं नाही. तुमचं तेवढं ऐकतंय. तुमच्या हवाली केलंय बघा." असं कुणी म्हटलं की माणूस फुगतो. मीही फुगले.

त्या वर्षी भरतीची जाहिरात आज येईल, उद्या येईल करता करता आलीच नाही. घरी बसून खाणं तिला पटेना. चाकणला गाड्यांचे पत्र्याचे पार्ट बनवणारा एक छोटा कारखाना होता, तिथे पॅकिंगला मुली हव्या होत्या. ती लागली. पेढे आणले, उभी राहिली आणि कुणी सांगायच्या आत खणखणीत आवाजात म्हणाली, "सहा महिने सोडणार नाही." मला पुन्हा म्हणायला लावायची वेळच आली नाही.

पहिल्या तीन महिन्यांचे चौकोन तिनं हिरव्या रंगानं रंगवले. चौथा रंगवताना सांगितलं की आता पॅकिंगवरून प्रेसवर घेतलंय. प्रेस म्हणजे पत्रा दाबून आकार देणारं मशीन. मी म्हटलं, "बढतीच की. अभिनंदन, हवालदार." तिनं नुसतं स्केचपेनचं टोपण घट्ट बसवलं. मला ते तेव्हा जाणवलं नव्हतं. आता आठवताना जाणवतं, आणि आठवणीवर मी किती विश्वास ठेवावा तेही कळत नाही.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी, एका गुरुवारी, ती पुन्हा आली. तो दिवस मला मिनिटामिनिटानं पाठ आहे. आमच्या केंद्राला मदत करणाऱ्या एका आयटी कंपनीचे लोक दुसऱ्या दिवशी पाहणीला येणार होते. जुना तक्ता पिठानं मळला होता म्हणून मी नवा करत होते. केंद्रात पोरांची गर्दी. मी स्टुलावर उभी, मनगटाला चिकटपट्टीचा तुकडा, हातात तक्त्याचं एक टोक. ती आंघोळ करून, केस घट्ट विंचरून आली होती.

"ताई, एक विचारायचं होतं."

"विचार. हात अडकलेत, कान मोकळे आहेत."

"आमच्या मशीनचा सेन्सर बंद करून ठेवलाय." मग तिनं समजावून सांगितलं. हात आत असला तर मशीन आपोआप थांबावं म्हणून तो सेन्सर असतो. पण त्यानं मशीन सारखं थांबतं आणि माल कमी निघतो, म्हणून तो बंद ठेवतात. पत्रा आत सरकवायला हात घालावाच लागतो.

"मग सुपरवायझरला सांग."

"सांगितलं. म्हणाला, भीती वाटत असेल तर घरी बस." मग तिनं विचारलं, "सोडू का, ताई?"

मी तिला विचारायला हवं होतं की याआधी तिथे कुणाला लागलंय का. मशीन बघायला मी स्वतः जायला हवं होतं, किंवा अध्यक्षांना पाठवायला. निदान स्टुलावरून खाली तरी उतरायला हवं होतं. पण माझ्या कानात वहीतली सगळी कारणं होती. डाळीचा वास, चावणारे शूज. त्यांच्याच रांगेत मी हेही नेऊन उभं केलं.

"किती चौकोन राहिले?" मी विचारलं.

"दोन."

"दोन चौकोनांसाठी पळ काढणार? आणि म्हणे पोलीस होणार! उद्या मोर्चात दगड आला तर काय करशील? वर्दी काढून 'ताई, सोडू का' विचारायला येशील?"

सगळे हसले. तीही हसली. मग पुढे येऊन तिनं तक्त्याचं दुसरं टोक धरलं, म्हणजे मला चिकटपट्टी नीट लावता यावी. तक्ता सरळ लागलाय का, हे मागे जाऊन बघून मला सांगितलंही. "थोडं उजवीकडं वर, ताई." नव्या तक्त्यात तिच्या नावापुढचे चार चौकोन तिनं पुन्हा हिरवे केले आणि गेली.

त्यानंतर अकरा दिवसांनी दुपारी अध्यक्षांचा फोन आला. "बाई, खाली या. गाडी काढलीय." मी विचारलं, काय झालं. ते म्हणाले, "आपल्या हवालदारनीचा हात मशीनमदी गेलाय."

उजव्या हाताची मधली तीन बोटं. अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली.

हॉस्पिटलच्या वऱ्हांड्यात तिची आई भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. हाताला, दंडाला कणीक वाळलेली, खानावळीतून तशीच उठून आलेली. मला बघून उठायला लागली. मी तिला खाली बसवलं आणि शेजारी बसले. तिनं माझा हात धरला आणि सोडलाच नाही. तो हात धरलेला मला सहन होत नव्हता. मला वाटत होतं, हिला कळलं तर ही आत्ता तो झिडकारेल.

दुसऱ्या दिवशी मला आत सोडलं. एवढ्या मोठ्या बँडेजपुढे तिचं तोंड लहान मुलीसारखं दिसत होतं. मी काय बोलावं ते ठरवूनही गेले नव्हते. तीच म्हणाली, "ताई, पाचवा चौकोन राहिला." आणि पुढे म्हणाली, "सॉरी."

"गप्प पड," मी म्हणाले. बाहेर येऊन जिन्याच्या वळणावर उभी राहिले आणि तोंडात पदर कोंबून रडले. येणारेजाणारे बाजूनं जात होते. एका बाईनं विचारलं, कुणी गेलं का हो तुमचं? मी मानेनंच नाही म्हटलं.

पुढचं सगळं मी धडाडीनं केलं. माणूस दोषी असला की त्याच्या अंगात फार जोर येतो. डॉक्टर, कागद, कामगार खात्याची चौकशी, एकही खेटा मी चुकवला नाही. कारखान्याचा सुपरवायझर म्हणत होता की मुलीचंच लक्ष नव्हतं, सेन्सरबद्दल तिनं कधी तक्रार केलीच नाही. अध्यक्ष त्याच्या अंगावर धावून गेले, दोघांनी त्यांना आवरलं. मग चौकशीच्या साहेबांनी विचारलं, या मुलीनं अपघाताच्या आधी सेन्सरचं कुणाजवळ बोलून दाखवलं होतं का? मी म्हटलं, हो, माझ्याजवळ. तसं लेखी दिलं. तारीख, वार, केंद्रात इतके लोक हजर होते, सगळं लिहिलं. त्या कागदाचा तिला उपयोग झाला. मी तिला काय उत्तर दिलं, ते त्या साहेबांनी विचारलं नाही आणि मी लिहिलं नाही.

त्या दिवशी केंद्रात हजर असलेल्या पोरांनीही कुणी तो विषय काढला नाही. ती पोरं माझ्यावर माया करतात. की माझ्या तोंडाला घाबरतात, देव जाणे. बाहेर मात्र सगळीकडे माझं कौतुक सुरू झालं. ताईंनी परक्या पोरीसाठी केवढं केलं. ताई होत्या म्हणून निभावलं. एका कार्यक्रमात शाल आणि नारळ द्यायचं चाललं होतं, ते मी आजारी असल्याचं सांगून टाळलं. नारळ घेतला नाही एवढाच काय तो माझा प्रामाणिकपणा. मी भित्री आहे हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

तक्ता मी काढून टाकला. वही फाडून खाली गिरणीवाल्याच्या कचऱ्यात टाकली. अध्यक्ष भिंतीवरची मोकळी जागा बघत नुसते उभे राहिले.

दोन महिन्यांनी ती केंद्रात यायला लागली. पहिल्या दिवशी दारात तिची सावली पडली आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "या हवालदार!" अभ्यासिकेतली सगळी डोकी पुस्तकांतून वर आली. मला जीभ हासडून घ्यावीशी वाटली. ती चप्पल काढत होती. तिनं वर बघितलं आणि म्हणाली, "आले, ताई." जणू हजेरीच देत होती. त्यानंतर त्या नावानं तिला कुणी हाक मारली नाही.

तिनं दुरेघी वही आणली, पहिलीतल्या मुलांना देतात तशी, आणि डाव्या हातानं अक्षरं गिरवायला लागली. तासन्तास. मी पाठीमागून जायचे तेव्हा तिच्या वहीत बघायचं टाळायचे. मला रोज वाटायचं, आज हिच्या आईकडे जाऊन सांगून टाकावं. रोज काहीतरी काम निघायचं. कधी पाहुणे, कधी मुलाखती, कधी नुसताच पाऊस. दुसऱ्यांचे बहाणे मी वर्षानुवर्षं लिहिले होते, स्वतःचे लिहायला घेतले असते तर दुसरी वही लागली असती. आई दर पंधरा दिवसांनी केंद्रात डोकावायची, घरच्या शेंगदाण्याच्या चटणीची पुडी माझ्या टेबलावर ठेवायची, लेकीचा अभ्यास कसा चाललाय ते विचारायची आणि जायची. ती चटणी माझ्या घशाखाली उतरायची नाही. मी ती पोरांना वाटून टाकायचे.

असे आठ महिने गेले. आणि मग भरतीची जाहिरात आली.

केंद्रात नुसता धिंगाणा. ज्यानं त्यानं कागदपत्रं काढली, दाखले, फोटो, कॉम्प्युटरपुढे रांग. ती सगळ्यांत शेवटी माझ्या टेबलाशी आली. हातात तिची जुनी फाईल, अपघाताच्या आधीची, सगळे दाखले क्रमानं लावलेली.

"ताई, मेडिकल सगळ्यात शेवटी असतं," ती म्हणाली. "त्याच्या आधी मैदान होईल. लेखी होईल. लेखी आता डाव्या हातानं जमतं मला."

"आणि गोळा?"

"परवा टाकून बघितला डाव्या हातानं."

"लांब गेला?"

"नाही." ती थोडंसं हसली. मग म्हणाली, "शेवटी काढणार ते मला माहीत आहे. पण मैदान एकदा मारायचं होतं. भरू का, ताई?"

'सोडू का' म्हणाली होती तोच हा आवाज. तितकाच साधा. मी हो म्हटलं असतं तर तिनं फॉर्म भरला असता आणि नाही म्हटलं असतं तर फाईल पिशवीत घालून घरी गेली असती. एवढं होऊनही ती पुन्हा मलाच विचारत होती. "उद्या सांगते," एवढंच मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रात न जाता मी सरळ तिच्या घरी गेले. ती पळायला गेली होती. पळणं तिनं सोडलं नव्हतं, हे मला त्या दिवशी कळलं. आई खानावळीला निघायच्या आधी उंबऱ्यात बसून मेथी निवडत होती. "या ताई," म्हणून तिनं ताट बाजूला सरकवून जागा केली. मी तिच्यासमोर जमिनीवरच बसले.

रस्ताभर वाक्यं जुळवत आले होते, त्यातलं एकही आठवेना. मी म्हटलं, "मला तुम्हाला एक सांगायचंय. आधीच सांगायला हवं होतं. अपघाताच्या अकरा दिवस आधी ती माझ्याकडे आली होती. मशीनचा सेन्सर बंद आहे म्हणाली. सोडू का, असं विचारलं तिनं. मी नाही म्हटलं. नुसतं नाही नव्हे, चारचौघांत तिची टिंगल केली. मी हो म्हटलं असतं तर तिचा हात आज धड असता."

ती मेथीची पानं खुडत राहिली. मला वाटलं, तिला नीट कळलं नाही. मी पुन्हा सांगायला तोंड उघडलं.

"म्याच धाडली होती तिला तुमच्याकडं," ती म्हणाली.

तिनं मेथीची दुसरी जुडी पुढ्यात ओढली.

"घरी येऊन रोज त्या मशीनीचं सांगायची. म्या म्हनले, सोड माय ते काम, आपल्याला नाही करायचं. तर म्हनली, ताईसमोर बोललेय, सहा महिने सोडनार नाही म्हनून. ऐकंचना. मग म्या म्हनले, बरं, ताईलाच इचारून ये. ताई काही नाही म्हनायच्या नाहीत. मला वाटलं होतं, तुमी सोड म्हनतालच." तिनं एक जून काडी बाजूला टाकली. "संध्याकाळी आली. म्या कणीकसुद्धा मळली नव्हती, सकाळी कुठं जायाचंय आता म्हनून. तर म्हनली, आई, डबा कर सकाळचा. ताई नाही म्हनल्या."

मला रडूही येईना. "तुम्ही मला कधी बोलला नाहीत," मी कसंबसं म्हणाले. "एवढ्या वेळा केंद्रात आलात."

"लेकीनं शपथ घातली होती, ताईला काही बोलायचं नाही म्हनून. म्हनून यायची नुसती. म्हनलं, एखाद्या दिवशी तुमी सांगताल." तिनं पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघितलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर मला बरं वाटलं असतं. "आज सांगितलं. बरं केलं."

मग तिनं निवडलेली भाजी दोन्ही हातांनी गोळा केली, ताट उचललं आणि उभी राहिली.

"त्या फारमाचं काल तुमाला इचारलं ना तिनं? रात्री मला सांगत होती. म्या तिला म्हनले, आता ताईला इचारू नको. तुझं तू बघ." असं म्हणून ती ताट घेऊन आत गेली आणि आतून पाण्याचा नळ सोडल्याचा आवाज आला.